गाडी उभी असतानाही इंजिनची रेस उतरत नाही? बिघाड शोधायची सुरुवात इथून करा

बोईसरहून चिल्हार फाट्याकडे निघालं की बेटेगावच्या आसपास गाडी बऱ्याचदा सरपटतच चालवावी लागते. तारापूर एमआयडीसीतून हायवेकडे जाणारे कंटेनर आणि टँकर पुढे असतात, मध्येच रिक्षा घुसते आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही. गाडीचा एक बिघाड अशा रस्त्यावर पहिल्यांदा जाणवतो. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडी पुढे ओढत राहते. न्यूट्रलला टाकली की इंजिन शांत व्हायच्या ऐवजी गुरगुरतं आणि काटा दीड हजारावरून खाली यायचं नाव घेत नाही. मेकॅनिकच्या भाषेत, ‘गाडी रेस खाते.’

हा बिघाड फार गंभीर वाटत नाही. गाडी चालते, पिकअपही चांगला वाटतो. पण उभ्या गाडीत पेट्रोल जवळपास दीडपट-दुपटीने जळतं, क्लच आणि ब्रेक लवकर झिजतात. शिवाय या बिघाडाच्या अनेक कारणांपैकी एक कारण थेट ब्रेकशी जोडलेलं आहे. दुसरी अडचण खिशाची. नेमकं कारण न शोधता थ्रॉटल बॉडी, सेन्सर असे एकेक पार्ट बदलत गेलं तर बिल हजारांत जातं आणि शेवटी दोष शे-दोनशे रुपयांच्या रबरी नळीत निघतो.

मुळात बिघाड आहे का?

पेट्रोल कारचं इंजिन गरम झाल्यावर, एसी बंद आणि गिअर न्यूट्रलला असताना साधारण ६५० ते ८५० आरपीएमवर फिरायला हवं. नेमका आकडा मॉडेलनुसार बदलतो. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर तेच इंजिन ११०० ते १५०० वर फिरतं. तो दोष नाही. थंड इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, मुद्दाम तसं करतो. दोन-चार मिनिटांत काटा हळूहळू खाली आला की झालं.

एसी लावला की शंभर-दीडशे आरपीएम वाढतात. पॉवर स्टिअरिंग पूर्ण वळवलं किंवा बॅटरी उतरलेली असली तरीही ईसीयू थोडी रेस वाढवतो. म्हणून तपासणी करताना गाडी आधी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, मग एसी, दिवे, म्युझिक सगळं बंद करून आकडा बघा.

अनेक छोट्या गाड्यांना टॅकोमीटरच नसतो. पण २०१३ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथवर चालणारा छोटा अ‍ॅडाप्टर लावला की मोबाइलवर आरपीएमसकट बरंच काही दिसतं. गॅरेजला एकदा जाण्याच्या खर्चात तो येतो आणि या कामात त्याचा खरा उपयोग होतो.

सगळा खेळ हवेचा

पेट्रोल इंजिनाचा वेग हवेवर ठरतो. पेट्रोल किती टाकायचं ते ईसीयू आत आलेल्या हवेवरून ठरवतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबणं म्हणजे हवेचं दार उघडणं. हे दार थ्रॉटल बॉडीत असतं, एक गोल चकती, जिला मेकॅनिक ‘बटरफ्लाय’ म्हणतात. पाय काढला की चकती जवळपास बंद होते आणि इंजिनाला जेमतेम जिवंत राहण्यापुरती हवा मिळते. म्हणजे पाय वर असतानाही रेस जास्त असेल, तर कुठून तरी जास्तीची हवा आत येते आहे. ती कुठून येते एवढंच शोधायचं असतं.

जास्तीची म्हणजे किती? १२०० सीसीचं इंजिन ८०० आरपीएमवर मिनिटाला साधारण सव्वाशे लिटर हवा घेतं. थ्रॉटल बंद असल्याने इनटेक मॅनिफोल्डच्या आत दाब बाहेरच्या वातावरणाच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो, आणि त्या ओढीमुळे बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून प्रचंड वेगाने आत शिरते. तीन मिलिमीटरचं एक भोक मिनिटाला साठेक लिटर हवा आत सोडू शकतं, म्हणजे इंजिनाच्या गरजेच्या जवळपास निम्मी. पेनाच्या रिफिलएवढी चीर पडली तरी काटा हजाराच्या वर का जातो, ते यातून कळतं.

इंटरनेटवर वाचून गाडी दुरुस्त करणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. परदेशी लेखांत आणि व्हिडिओंत लिहिलेलं असतं की हवा गळत असेल तर इंजिन थरथरतं, मिसफायर होतं आणि ‘मिश्रण पातळ’ असा पी ०१७१ कोड येतो. हे खरं आहे, पण येणारी हवा थेट मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाड्यांत. तिथे सेन्सरच्या पुढे शिरलेली हवा मोजलीच जात नाही आणि पेट्रोल कमी पडतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत त्याऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. गळतीतून हवा आली की दाब वाढतो, ईसीयूला वाटतं ड्रायव्हरने रेस दिली, आणि तो त्या हिशेबाने पेट्रोलही वाढवतो. त्यामुळे इंजिन अगदी स्मूथ चालतं, फक्त वेगात. ‘इंजिन तर मस्त चालतंय, लीक नसणार’ हा निष्कर्ष अशा गाडीत साफ चुकतो.

गळती मोठी असेल तर काटा वर-खाली नाचतो. पाय वर असताना रेस ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ईसीयू पेट्रोल तोडतो. रेस पडली की पुन्हा सोडतो. हे चक्र चालूच राहतं.

बोनेट उघडण्याआधी पायाखाली बघा

हसू येईल, पण पहिली तपासणी मॅटची. पावसाळ्यात चिखल नको म्हणून मूळ मॅटवर दुसरं जाड मॅट, त्यावर वर्तमानपत्र किंवा गोणपाट टाकलं जातं. ते पुढे सरकतं आणि पेडलखाली किंवा पेडलवर अडकतं. २००९ मध्ये टोयोटाला अमेरिकेत लाखो गाड्या परत मागवाव्या लागल्या, त्याचं एक कारण हेच होतं: मॅटमध्ये अडकणारं पेडल. मॅट काढा, पेडल हाताने दाबून सोडा. ते झटकन आणि पूर्ण वर यायला हवं.

जुन्या गाड्यांत, म्हणजे पहिल्या पिढीची अल्टो, ओम्नी, सँट्रो वगैरेंत, पेडलपासून थ्रॉटलपर्यंत वायरची केबल असते. पालघरच्या किनारपट्टीच्या खारट, दमट हवेत ती आतून गंजते आणि अडकते. बोनेट उघडून थ्रॉटलपाशी केबल बोटाने हलवा. तिच्यात दोन-चार मिलिमीटर ढील हवी. ताणलेली असेल तर चकती पूर्ण मिटतच नाही. नव्या गाड्यांत केबल नसते, चकती मोटर हलवते. त्या चकतीला इग्निशन चालू असताना बोट लावू नका. ती अचानक मिटते.

ईसीयूने मागितली, की न मागता आली?

स्कॅनर किंवा मोबाइल अ‍ॅप जोडल्यावर बहुतेक लोक फक्त एरर कोड बघतात. पी ०५०७ असा कोड दिसला तर त्याचा अर्थ इतकाच की रेस अपेक्षेपेक्षा जास्त आहे. ते तर आधीच माहीत असतं! कारण त्यातून कळत नाही.

गॅरेजच्या स्कॅनरमध्ये त्याहून कामाचा एक आकडा असतो: ईसीयूला हवी असलेली रेस, म्हणजे ‘डिझायर्ड’ किंवा ‘टार्गेट’ आयडल. तो खऱ्या आरपीएमशेजारी ठेवून बघायचा. टार्गेटच १३०० असेल तर ईसीयू स्वतःच हवा मागतो आहे, म्हणजे त्याला कुणीतरी चुकीची माहिती देतं आहे. टार्गेट ७५० आणि प्रत्यक्षात १३०० असेल तर हवा त्याच्या मनाविरुद्ध येते आहे. या दोन शक्यतांची दुरुस्ती पूर्ण वेगळी असते, त्यामुळे मेकॅनिकला हा आकडा विचारायला संकोच करू नका.

चुकीची माहिती देणारा नेहमीचा संशयित म्हणजे कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर. गरम इंजिनात अ‍ॅपवर साधारण ८० ते १०० अंश दिसायला हवेत. गाडी अर्धा तास चालूनही तिथे ४० दिसत असतील तर ईसीयूच्या लेखी इंजिन अजून थंडच आहे. सेन्सर खराब असेल, त्याचा कनेक्टर गंजला असेल किंवा कूलंट कमी होऊन सेन्सरपाशी हवेचा बुडबुडा अडकला असेल.

आणखी एक कारण खास आपल्याकडचं आहे. इंजिन एकदा ओव्हरहीट झालं की काही गॅरेजवाले थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. ‘आपल्या हवेत त्याची गरज नाही’ असं सांगितलं जातं. गरज असते. थर्मोस्टॅट नसेल तर कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहतं, हायवेवर इंजिन धड गरम होत नाही, आणि ईसीयू थंड इंजिनाच्या हिशेबाने जास्त पेट्रोल आणि जास्त रेस देत राहतो. सेकंडहँड गाडी घेतली असेल, हिवाळ्याच्या सकाळी रेस उतरायला खूप वेळ लागत असेल आणि अ‍ॅव्हरेजही पडला असेल, तर आत थर्मोस्टॅट आहे का हे आधी बघून घ्यावं.

एक फळी आणि पाच सेकंद

न मागता येणारी हवा थ्रॉटलमधून येते की त्याच्या पलीकडच्या गळतीतून, हे ठरवणारी जुनी चाचणी अजूनही सगळ्यात भरवशाची आहे. गाडी सीएनजीची असेल तर आधी पेट्रोलवर घ्या. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल. एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप थ्रॉटल बॉडीपासून सोडवा, इंजिन सुरू करा आणि थ्रॉटलचं तोंड सपाट लाकडी फळीने किंवा जाड प्लॅस्टिकने पूर्ण झाका. शर्टाच्या सैल बाह्या, ओढणी, साखळी फॅन आणि बेल्टपासून लांब ठेवा.

इंजिन लगेच बंद पडलं तर पलीकडे मोठी गळती नाही आणि हवा थ्रॉटलमधूनच येत होती. तोंड झाकूनही इंजिन चालत राहिलं तर ते दुसरीकडून श्वास घेतं आहे.

गळती शोधताना

बेटेगावसारख्या भागात, जिथे घराला लागून भातशेती आहे आणि गाडी रात्री उघड्यावर उभी असते, तिथे पहिला संशय उंदरावर घ्यावा. पाऊस सुरू झाला की उंदीर कोरड्या, उबदार बोनेटखाली येतात आणि वायरी व रबरी नळ्या कुरतडतात. मॅनिफोल्डवरून निघणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्या एकेक करून बोटाने चाचपा, खालची बाजूही बघा. उन्हाने आणि उष्णतेने कडक झालेलं रबर वाकवलं की भेगा दिसतात. बऱ्याच वेळा नळी नुसती निसटलेली असते.

दिसत नसेल तर इंजिन चालू ठेवून एकेक नळी चिमटीत दाबा. जी दाबल्यावर रेस खाली येते, तिच्या पुढे दोष आहे. पेट्रोलच्या वाफा टाकीकडून इंजिनाकडे नेणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल, तर तो या साध्या चाचणीत सापडतो. इंजिनातली वाफ परत ओढणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही याच पद्धतीने तपासता येतो.

मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगा दाबता येत नाहीत. तिथे स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. पाणी फट क्षणभर बंद करतं आणि रेस बदलते. इग्निशन कॉइल आणि कनेक्टरवर मात्र पाणी जाऊ देऊ नका. काही गॅरेजांत याच कामासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात, तर कुणी पेटती उदबत्ती फिरवतात. गरम इंजिनावर, त्यातून सीएनजी गाडीत, हे धोक्याचं आहे. पाण्याने भागलं नाही तर ज्या गॅरेजकडे स्मोक मशीन असेल तिथे जावं. ते मॅनिफोल्डमध्ये धूर भरतं आणि जिथून धूर निघेल तिथे गळती.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी. सिक्वेन्शियल किट बसवताना मॅनिफोल्डला ड्रिलने भोकं पाडून गॅसच्या नोझल बसवलेल्या असतात. कंपनांनी त्या सैल झाल्या की तिथून हवा आत जाते. किट बसवल्यापासूनच रेस वाढली असेल तर आधी तेच बघा.

थ्रॉटल साफ केल्यावरच रेस वाढली?

फळीच्या चाचणीत इंजिन बंद पडलं असेल, तर कारण बहुधा थ्रॉटल बॉडीत आहे. बेटेगाव-बोईसर रस्त्यावरची धूळ एअर फिल्टर बऱ्यापैकी अडवतो, पण इंजिनातून परत येणाऱ्या तेलकट वाफेवर उरलीसुरली धूळ बसते आणि चकतीच्या कडेला काळा थर जमतो. चकती त्या थरावर अडकून अर्धवट उघडी राहते. जुन्या गाड्यांत चकतीला वळसा घालून हवा देणारा आयडल व्हॉल्व्ह असतो. तो कार्बनने उघडा अडकतो.

उपाय सफाईचा. थ्रॉटल क्लीनर कापडावर मारून थर पुसायचा. घासणी किंवा सँडपेपर लावायचा नाही, कारण अनेक चकत्यांना मुळातच बारीक कोटिंग असतं.

यानंतर बरेच लोक गोंधळतात. सफाई झाली आणि रेस कमी व्हायच्या ऐवजी वाढली! मेकॅनिकने काहीतरी बिघडवलं असा समज होतो, आणि कधीकधी मेकॅनिकही घाबरून नवी थ्रॉटल बॉडी सुचवतो. प्रत्यक्षात कचरा साठत गेला तसतसा ईसीयू चकती थोडी थोडी जास्त उघडायला शिकलेला असतो. कचरा गेला, पण त्याची सवय तीच राहिली. ती सवय पुसून चकतीची जागा नव्याने शिकवावी लागते. याला ‘थ्रॉटल रीलर्न’ किंवा ‘अ‍ॅडाप्टेशन’ म्हणतात आणि ते स्कॅनरने काही मिनिटांत होतं. काही मॉडेलमध्ये इग्निशन ठरावीक क्रमाने चालू-बंद करून किंवा गाडी काही किलोमीटर चालवूनही होतं. बॅटरी काढून लावल्यावर थोडा वेळ रेस विचित्र वाटते, तीही याचमुळे.

थ्रॉटलवर एक छोटा सीलबंद स्क्रू असतो. रेस कमी करायला तो कुणाला फिरवू देऊ नका. कार्बोरेटरच्या जमान्यात, जुन्या मारुती ८०० मध्ये किंवा पद्मिनीत, रेस स्क्रूनेच लावली जायची आणि तो हात अजून गेलेला नाही. इंजेक्शनच्या गाडीत तो स्क्रू फॅक्टरीत बसवलेला मूळ टप्पा असतो. तो हलला की चकतीचा सेन्सर चुकीचा आकडा देऊ लागतो आणि मूळ गळती आहे तशीच राहते.

ब्रेक कडक लागत असेल तर गाडी तिथेच थांबवा

मॅनिफोल्डवरून एक जाड नळी ब्रेक बूस्टरकडे जाते. ब्रेक हलका लागतो तो याच ओढीमुळे. ही नळी किंवा बूस्टरचा पडदा फाटला तर दोन गोष्टी एकदम होतात: हवा आत शिरून रेस वाढते आणि ब्रेकला दुप्पट-तिप्पट जोर लावावा लागतो. सपाट रस्त्यावर हे निभावतं. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंड उतरताना, गाडी भरलेली आणि इंजिन स्वतःच पुढे ढकलत असताना, निभावेलच असं नाही.

तपासणी घरच्या अंगणात होते. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. ते दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. जागचं हललं नाही, किंवा ब्रेक दाबल्यावर पायापाशी ‘सुस्स’ असा आवाज आला आणि रेस बदलली, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

ऑटोमॅटिक आणि एएमटी गाड्यांत वाढलेली रेस जास्त त्रास देते, कारण ब्रेक सोडताच गाडी अपेक्षेपेक्षा जोरात पुढे सरकते. अमेरिकेत १९८० च्या दशकात ऑडी ५००० ही गाडी ‘आपोआप पळते’ म्हणून बदनाम झाली. नोव्हेंबर १९८६ मध्ये सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमात ते दाखवलं गेलं आणि विक्री १९८५ मधल्या ७४ हजारांवरून १९९१ मध्ये १२ हजारांवर आली. तिथल्या सरकारी तपासाचा अहवाल १९८९ मध्ये आला. बहुतेक अपघातांत ड्रायव्हरने घाबरून ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला होता, असं त्यात म्हटलं होतं. पण रेस सांभाळणाऱ्या यंत्रणेतल्या दोषाने इंजिनाची रेस अचानक वाढायची आणि त्याने ड्रायव्हर दचकत असावेत, हेही त्यात नोंदवलेलं होतं.

पीयूसीला जाण्याआधी

पीयूसीची तपासणी दोन टप्प्यांत होते, एक आयडलवर आणि एक साधारण २५०० आरपीएमवर. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू जास्त पेट्रोल टाकत असेल तर गाडी इथे नापास होऊ शकते. वैध पीयूसी नसेल तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो, त्यामुळे आधी दुरुस्ती, मग पीयूसी.

डिझेलवाल्यांसाठी

वरचं सगळं पेट्रोल आणि सीएनजीसाठी. डिझेल इंजिनाचा वेग हवेवर नाही, डिझेल किती टाकलं त्यावर ठरतो, त्यामुळे व्हॅक्यूमच्या नळीने त्याची रेस अशी वाढत नाही. बीएस-६ डिझेल गाडी अधूनमधून स्वतःहून हजाराच्या आसपास चालते, तेव्हा ती सायलेन्सरमधल्या फिल्टरची काजळी जाळत असते. काही मिनिटांत हे थांबतं.

मात्र डिझेल गाडीची रेस आपोआप चढतच गेली, मागून पांढरा-निळा धूर निघाला आणि चावी बंद करूनही इंजिन थांबलं नाही, तर ते ‘रनअवे’ आहे. टर्बोच्या सीलमधून गळणारं इंजिन ऑइलच ते इंधन म्हणून जाळत असतं. मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून, सगळ्यात वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन दबून बंद पडतं. हे जमलं नाही तर गाडीतून उतरून सगळ्यांना लांब न्यायचं आणि बोनेटमध्ये डोकावायचं नाही, कारण त्या वेगात इंजिन फुटू शकतं. बंद पडल्यावर पुन्हा सुरू करून बघू नका. टर्बोचं काम होईपर्यंत ती गाडी टो करूनच न्यावी लागते.